स्पीकर घेताना: सल्ला शंभर जणांचा, पैसा मात्र आपला

नवा टीव्ही घरी आला की चार दिवसांत एक तक्रार सुरू होते. चित्र छान दिसते, पण संवाद नीट ऐकू येत नाहीत. पडदा जितका पातळ, तितकी आत स्पीकर बसवायला जागा कमी, हे त्याचे कारण. मग घरात साउंडबारचा विषय निघतो. कॉलेजात जाणाऱ्या मुलाला इअरफोन हवा असतो, आजोबांना भजने ऐकायला ब्लूटूथ स्पीकर हवा असतो आणि गणपती जवळ आले की मंडळाला माइक आणि ॲम्प्लिफायर लागतो.

ही खरेदी दोन हजारांपासून तीस हजारांपर्यंत कुठेही जाऊ शकते. घराचे कर्ज काढताना आपण चार बँकांत चौकशी करतो, भाजी घेतानाही भाव करतो. पण या मधल्या रकमेच्या वस्तू बहुतेक वेळा घाईत आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून घेतल्या जातात. हे सांगणारे लोक गेल्या पंधरा-वीस वर्षांत बदलले. त्याचा खातेदाराच्या खिशावर काय परिणाम झाला आणि त्यात आपली बचत कशी सांभाळायची, ते या प्रकरणात पाहू.

पूर्वी सल्लागार एकच होता

एके काळी घरात रेडिओ असणे हीच मोठी गोष्ट होती. १९८० च्या दशकापर्यंत रेडिओ ठेवायला परवाना लागे आणि त्याची फी पोस्टात भरावी लागे. रेडिओ, मग टेपरेकॉर्डर, मग डेक असा प्रवास झाला, पण खरेदीची पद्धत तीच राहिली. ओळखीच्या दुकानात जायचे, दुकानदार दोन-तीन नमुने लावून दाखवणार, त्यातला एक घ्यायचा.

या पद्धतीत एक मोठी सोय होती: वस्तू कानाने ऐकून घेता येत असे. बिघडली तर दुकान तिथेच असे. पण निवड फार थोडी होती. दुकानदाराकडे जो माल असेल, तोच चांगला. दुसऱ्या शहरात तीच वस्तू किती रुपयांना मिळते, हे कळायला मार्ग नसे. वेगळे काही ऐकायचे तर रायपूरहून सुमारे ३०० किलोमीटरवरच्या नागपूरला किंवा थेट मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला जावे लागे.

मोबाईलने हे चित्र पालटले. आज मालवीय रोडच्या किंवा रवी भवनच्या दुकानात शिरण्याआधीच गिऱ्हाइकाला वस्तूचे नाव, किंमत आणि तिचे दोष ठाऊक असतात. कुठल्यातरी शहरातल्या अनोळखी माणसाने ती सहा महिने वापरून अनुभव लिहिलेला असतो, कुणी ती उघडून आतले भाग दाखवलेले असतात, कुणी यंत्राने आवाज मोजलेला असतो.

यात आपला फायदा झाला, हे मान्य केले पाहिजे. जाहिरातीवर काहीही खर्च न करणाऱ्या कंपन्यांचे हजार-दीड हजारांचे तारेचे इअरफोन केवळ वापरणाऱ्यांच्या अनुभवांमुळे लोकांना माहीत झाले. खोक्यावरच्या मोठमोठ्या आकड्यांचा फोलपणा सर्वांना कळला. लहान शहरातल्या गिऱ्हाइकाला मोठ्या शहरातल्या गिऱ्हाइकाइतकीच माहिती मिळू लागली.

पण एक गोष्ट सुटली. आपण ऐकणे कमी केले आणि वाचणे वाढवले. शिवाय सल्ला देणारे शंभर झाले, तरी पैसे देणारा एकच राहिला.

सल्ल्यामागचा हिशेब

दुकानदाराचा स्वार्थ उघड होता, त्याला माल विकायचा होता. मोबाईलवर सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ दिसत नाही, म्हणून तो नसतो असे नाही. काहींना कंपनीने वस्तू फुकट दिलेली असते. काहींनी दिलेल्या दुव्यावरून तुम्ही खरेदी केली की त्यांना दलाली मिळते. कधी खोक्यातच चिठ्ठी असते: पाच तारे द्या आणि शंभर रुपये परत मिळवा. आणि ज्याने स्वतःचे पंधरा हजार खर्च केले आहेत, तो प्रामाणिक असला तरी आपली खरेदी चुकली असे सहसा म्हणत नाही.

सरकारने याची दखल घेतली आहे. ऑनलाइन अभिप्राय कसे गोळा करावेत, तपासावेत आणि दाखवावेत, यासाठी भारतीय मानक ब्युरोचे 'आयएस १९०००' हे मानक नोव्हेंबर २०२२ मध्ये आले. जानेवारी २०२३ मध्ये ग्राहक व्यवहार विभागाने आणखी एक मार्गदर्शिका काढली. पैसे, भेटवस्तू किंवा अन्य लाभ घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ते ठळकपणे आणि सोप्या भाषेत सांगितले पाहिजे, असे ती सांगते. म्हणून एखादा व्हिडिओ पाहताना 'जाहिरात', 'प्रायोजित' किंवा 'सशुल्क' असे शब्द कुठे आहेत, ते आधी शोधा.

अभिप्राय वाचण्याचीही एक रीत आहे. पाच तारे आणि एक तारा देणाऱ्यांना बाजूला ठेवा. तीन तारे देणारा बहुधा चांगले आणि वाईट दोन्ही सांगतो. खरेदीच्या दुसऱ्या दिवशी लिहिलेल्या कौतुकापेक्षा सहा महिन्यांनंतर लिहिलेला अनुभव जास्त उपयोगी असतो, कारण बॅटरी, चार्जिंगची जागा आणि बटणे यांचा कस तोवर लागलेला असतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रायपुरात किंवा जवळपास दुरुस्ती केंद्र आहे का, हे विचारणारा अभिप्राय शोधा.

आकडे मोठे, आवाज तेवढाच

खोक्यावर 'पीएमपीओ' असे लिहून हजारो वॅटचे आकडे छापलेले असतात. या आकड्याला सर्वमान्य मोजमाप नाही. क्षणभर मिळू शकणारी, कागदावरची शक्ती असा त्याचा अर्थ होतो. बघायचा तो 'आरएमएस' आकडा, म्हणजे यंत्र सलग किती शक्ती देऊ शकते तो. दोन हजार पीएमपीओ लिहिलेल्या खोक्यातला स्पीकर प्रत्यक्षात वीस-तीस वॅट आरएमएसचाही असू शकतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. वॅट दुप्पट झाले म्हणून आवाज दुप्पट होत नाही. शक्ती दुप्पट केली की आवाजाची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी शक्ती दहापट करावी लागते. म्हणजे ४० वॅटऐवजी ८० वॅटचा साउंडबार घेण्यासाठी चार हजार रुपये जास्त मोजले, तर कानाला फरक थोडाच जाणवेल. साध्या बैठकीच्या खोलीला चांगल्या दर्जाचे तीस-चाळीस वॅट पुरतात.

मंडळाने तर हा हिशेब आवर्जून करावा. ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धकाला सर्वसाधारणपणे बंदी आहे. जो आवाज आपण लावूच शकत नाही, त्यासाठी वर्गणीचे पैसे का घालवायचे?

ऐकण्याला पर्याय नाही, याचा एक पुरावाही आहे. १९९४ मध्ये फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या ध्वनितज्ज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्याच श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर ठेवून ऐकवले. समोर दिसत असताना मोठ्या, देखण्या स्पीकरांना जास्त गुण मिळाले आणि लहान, स्वस्त संचाला कमी. पडदा लावल्यावर हे अंतर बरेच घटले. नाव, आकार आणि किंमत पाहून आपला कान फसतो, असा याचा अर्थ. आधी शंभर कौतुके वाचून गेलेला कान तर अधिकच फसतो.

म्हणून दुकानात दोन स्पीकर ऐकताना चार गोष्टी पाळा. आपले ओळखीचे गाणे किंवा अभंग मोबाईलमध्ये घेऊन जा. दोन्हींचा आवाज सारखा ठेवायला सांगा, कारण जो जरा मोठा वाजतो तोच कानाला चांगला वाटतो. शक्य असेल तर न बघता ऐका. आणि फक्त ढोलकीचा ठेका ऐकू नका, गाणाऱ्याचे शब्द स्पष्ट येतात का, ते ऐका.

'अजून थोडे वर' ही महागडी पायरी

माहिती वाढल्याने स्वस्तात चांगली वस्तू मिळू लागली, हे खरे. पण त्याच माहितीने खर्च वाढवलाही. ते कसे घडते, पाहा.

समजा, एका कुटुंबाने साउंडबारसाठी ८,००० रुपये ठरवले. शोध सुरू केल्यावर कळते की ११,००० मध्ये वेगळा बेस स्पीकर मिळतो. त्याचे अनुभव वाचताना कुणीतरी म्हणतो, थोडे आणखी घातले तर १६,००० चा 'कायमचा' होईल. तो पाहताना २४,००० च्या वस्तूवर सूट चालू असल्याचे दिसते. प्रत्येक पायरी आधीच्या पायरीपेक्षा थोडीच वर आहे, पण पहिल्या पायरीपासून आपण तिप्पट वर आलो. सल्ला देणारा खोटे बोलला नाही. २४,००० ची वस्तू चांगलीच असेल. पण तुमच्या मुलाची फी, गॅसचे बिल आणि आवर्ती ठेवीचा हप्ता त्याच्या हिशेबात नव्हता.

त्यात विक्रीची पाने घाई करतात: फक्त दोन नग शिल्लक, सूट दहा मिनिटांत संपेल, जादा वॉरंटी आपोआप यादीत जोडलेली. अशा १३ प्रकारच्या फसव्या युक्त्यांना केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक सूचनांनी बंदी घातली आहे. खोटी घाई आणि न विचारता यादीत वस्तू घालणे, या दोन्ही त्यात येतात. तरीही पैसे भरण्यापूर्वी एकूण रकमेची ओळ स्वतः तपासा.

'७० टक्के सूट' यालाही भुलू नका. खोक्यावरची कमाल किंमत उत्पादक किंवा आयातदार स्वतःच ठरवतो. ती मुद्दाम चढी ठेवली, तर सूटही मोठी दिसते. सूट किती हे न पाहता, तीच वस्तू दोन दुकानांत आणि दोन ठिकाणी ऑनलाइन किती रुपयांना मिळते, हे पाहा.

यावर उपाय साधा आहे. शोध सुरू करण्याआधी रक्कम कागदावर लिहा आणि घरातल्या दुसऱ्या एकाला दाखवा. त्या रकमेच्या वरची वस्तू बघूच नका. आणि काही सुधारणा फुकट असतात. स्पीकर कोपऱ्यातून जरा बाहेर काढला की घुमणारा आवाज कमी होतो. गुळगुळीत फरशी आणि उघड्या भिंतींच्या खोलीत पडदा, सतरंजी किंवा गादी आली की शब्द स्पष्ट होतात.

'बिनव्याजी' हप्त्याचे गणित

रक्कम आवाक्याबाहेर गेली की 'नो कॉस्ट ईएमआय' पुढे येतो. २४,००० रुपये, १२ हप्ते, दर महिन्याला फक्त २,०००. यात व्याज नाही असे वाटते. पण कर्ज देणारा फुकट देत नाही. सप्टेंबर २०१३ मध्येच रिझर्व्ह बँकेने बँकांना बजावले होते की शून्य टक्के व्याज अशी काही गोष्टच नसते आणि अशा योजनांत व्याज बहुधा प्रक्रिया शुल्कात लपवलेले असते.

क्रेडिट कार्डावर असा हप्ता साधारण असा चालतो. बँक तिचे व्याज लावतेच. तेवढीच रक्कम विक्रेता किंवा कंपनी आधी किमतीतून कमी करते. उदाहरणादाखल व्याजदर वर्षाला १५ टक्के धरला, तर २४,००० पैकी सुमारे २२,१६० रुपये मुद्दल आणि १,८४० रुपये व्याज होते. या व्याजावर १८ टक्के जीएसटी म्हणजे सुमारे ३३० रुपये तुम्हाला भरावा लागतो. प्रक्रिया शुल्क १९९ रुपये धरले, तर जीएसटीसह ते सुमारे २३५ होते. म्हणजे 'बिनव्याजी' वस्तूला ५६५ रुपये जादा. रोख देणाऱ्याला दुकानदार १,००० रुपये कमी करणार असेल, तर हप्त्याची खरी किंमत १,५६५ रुपये झाली.

आता उलट बाजू पाहा. तेच २,००० रुपये दर महिन्याला बँकेच्या आवर्ती ठेवीत १२ महिने टाकले आणि व्याजदर ६ टक्के धरला, तर वर्षअखेर सुमारे २४,७९० रुपये हातात येतात. स्पीकर घेऊन ७९० रुपये उरतात आणि रोखीची सूट मिळाली तर ती वेगळी. हप्त्याने वस्तू वर्षभर आधी वापरायला मिळते, हा त्याचा फायदा आहे, पण तो कितीला पडतो ते असे मोजता येते. शिवाय आवर्ती ठेवीचा एखादा हप्ता चुकला तर नुकसान किरकोळ असते. कर्जाचा हप्ता चुकला तर दंड लागतो आणि पत अहवालावर डाग पडतो. पुढे घरासाठी किंवा शिक्षणासाठी कर्ज मागताना तो आड येऊ शकतो.

दुकानातच वित्त कंपनीचे कर्ज घेत असाल, तर सही करण्यापूर्वी 'मुख्य तथ्य विवरण' मागा. १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी ते देणे सावकार संस्थेला बंधनकारक आहे. त्यात सर्व शुल्क धरून येणारा वार्षिक दर लिहिलेला असतो आणि ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे.

जुना माल, परदेशी माल

वापरलेल्या स्पीकरांची देवघेवही आता ओळखीपलीकडे गेली आहे. चांगला ॲम्प्लिफायर नीट वापरला तर वर्षानुवर्षे टिकतो, म्हणून हा व्यवहार फायद्याचा ठरू शकतो. पण वस्तू प्रत्यक्ष पाहून, अर्धा तास वाजवून घ्या. आवाजाचे बटण फिरवताना खरखर येते का, दोन्ही बाजू सारख्या वाजतात का, हे तपासा. जुन्या स्पीकरच्या कडेची फोमची पट्टी दहा-वीस वर्षांत भुरभुरू लागते, तिला बोट लावून पाहा. परदेशातून आणलेले यंत्र ११० व्होल्टचे असेल, तर आपल्या २३० व्होल्टवर ते जळेल. भारतात वॉरंटी लागू आहे का, तेही विचारा.

नवा ब्लूटूथ स्पीकर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक शोधा. तो खरा आहे का, हे 'बीआयएस केअर' या ॲपवर पाहता येते.

अनोळखी विक्रेत्याला आगाऊ रक्कम पाठवू नका. आणि तुम्ही विकत असाल, तर एवढे पक्के लक्षात ठेवा: पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. 'पैसे पाठवतो, क्यूआर कोड स्कॅन करा' असे कुणी म्हटले, तर तो पैसे काढायला बसला आहे. फसगत झालीच तर लगेच १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर, तितकी रक्कम अडवणे अवघड.

वस्तू सदोष निघाली तर

ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा जुलै २०२० पासून लागू आहे आणि ऑनलाइन खरेदीही त्यात येते. ऑनलाइन विक्रेता सदोष वस्तू परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. ई-कॉमर्स कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायची असते आणि महिन्याभरात ती निकाली काढायची असते. तेवढ्याने भागले नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. विक्रेता बंगळूरचा असो की दिल्लीचा, तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे रायपूरच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल, तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. मुदत मात्र दोन वर्षांची आहे. हप्त्याबद्दल बँकेशी वाद असेल, तर आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्यालाही फी नाही.

या सर्व ठिकाणी एकच कागद आधी मागतात, तो म्हणजे बिल. 'बिल नको, जीएसटी वाचेल' हे ऐकून वाचवलेले पैसे वस्तू बिघडली की अनेक पटींनी जातात.

पैसे देण्यापूर्वी स्वतःला विचारा

१. रक्कम आधी लिहून ठेवली आहे का, आणि आपण तिच्या आत आहोत का?
२. ज्याच्या सल्ल्याने घेतो आहोत, त्याला यातून काही मिळते का?
३. वस्तू स्वतःच्या कानाने ऐकली का? ऑनलाइन घेत असू, तर किती दिवसांत परत करता येते? इअरफोन उघडल्यावर परत घेतात का?
४. आकडा आरएमएसचा आहे की पीएमपीओचा?
५. हप्ता, शुल्क आणि जीएसटी धरून एकूण किती रुपये जाणार? रोख दिले तर किती?
६. दुरुस्ती कुठे होईल?
७. पक्के बिल मिळाले का? पार्सल असेल, तर ते उघडतानाचा व्हिडिओ घेतला का?

या सातांपैकी एकाचेही उत्तर देता आले नाही, तर खरेदी आठवडाभर पुढे ढकला. चांगला स्पीकर पुढच्या आठवड्यातही बाजारात असतो आणि तोवर तुमचे पैसे खात्यातच राहतात.